वांग्याचा नाही, गराचा भाव काढा!

हिवाळ्यात जळगावला ट्रेनिंग असलं की माझं दुपारचं जेवण ठरलेलं, एका जुन्या भरीत सेंटरवर. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. मेन्यू संपला! बामणोदकडची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये जीआय मानांकनही मिळालंय.

या वेळी माझं लक्ष काट्याकडे गेलं. काका वांगी घेताना मोजतात, आणि भाजून सोलल्यावर गर पुन्हा मोजतात. विचारलं तर म्हणाले, "भाऊ, गिऱ्हाईक देठ-साल थोडीच खातं?"

मला धुळ्याच्या एक ताई आठवल्या. घरून भरिताचे पार्सल देतात. रोज 60 पार्सल, पण महिनाअखेरीला हातात काहीच नाही. ताई हिशोब असा करायच्या: वांगी 40 रुपये किलो, एका पार्सलला 200 ग्रॅम गर, म्हणजे 8 रुपये. इथेच चूक!

भाजताना पाणी उडतं, साल-देठ जातं. आम्ही मोजलं तर 1 किलोतून 600 ग्रॅम गर निघाला. मग गराचा भाव 40 भागिले 0.6, म्हणजे जवळपास 67 रुपये किलो. 200 ग्रॅमला 13 रुपये 33 पैसे. पार्सलमागे 5 रुपये 33 पैसे खिशातून जात होते. दिवसाला 320, आणि 25 दिवसांचे 8,000 रुपये! तेल, शेंगदाणे, मिरची, डबा यांचा खर्च तर वेगळाच.

जपानमध्ये सोबा नावाच्या शेवयांची जुनी दुकानं आहेत. क्योटोचं होंके ओवारिया 1465 सालचं. सुरुवात मिठाईची, सोबा नंतर आला. सोबाच्या दुकानांत शेवया उकडलेलं पाणीही जेवणाच्या शेवटी प्यायला देतात. आपली कटाची आमटी तरी दुसरं काय? हातात काय उरलं आणि त्याचं काय करता येईल, हे जुन्या लोकांना पक्कं माहीत असतं.

आता तुमचा गृहपाठ:
1. कच्चा माल मोजा.
2. साफ करून, शिजवून पुन्हा मोजा.
3. खरेदीची रक्कम भागिले उरलेलं वजन. हाच तुमचा खरा भाव.

हे तीन दिवस करा आणि सरासरी काढा, कारण प्रत्येक लॉट सारखा नसतो. भाव वाढवायचा की गर कमी करायचा, ते त्यानंतर ठरवा. ताईंनी भाव वाढवला, गर तेवढाच ठेवला. तुमचा आकडा किती निघाला? कमेंटमध्ये नक्की लिहा!