प्रकाशाचे प्रतीक आणि आशेचे व्याकरण

गेली सत्तावीस वर्षे मी गोव्यात मराठी शिकवते. ‘प्रतीक’ या घटकावरील प्रश्नाचे एक उत्तर मला पाठ झाले आहे : ‘प्रकाश हे आशेचे प्रतीक आहे.’ दरवर्षी मी त्याला गुण देत आले. दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वरील तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. त्या पावसाळ्यात तिचे वडील वारले होते. ती म्हणाली, “मॅडम, यंदा आम्ही नाताळचा तारा लावला नाही. शेजाऱ्यांच्या ताऱ्याचा उजेड आमच्या बल्कांवात पडतो. बाबा बसायचे ती जागा तेवढी उजळते. यात आशा कुठली?” मला उत्तर सुचले नाही. त्या उत्तराच्या शोधात हा लेख लिहीत आहे.

अडचण आपल्या वाचनसंस्कारातही आहे. संतकाव्यात प्रकाश हा प्रामुख्याने ज्ञानाचा. ज्ञानदेवांचा सूर्य उगवला की अज्ञानाचा अंधार उरतच नाही. १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या पुराणासाठी स्टीफन्स यांनी ओवी घेतली, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले. त्यामुळे त्यांच्याकडचा प्रकाशही आपण नकळत ज्ञानाच्या अंगाने वाचतो. परंतु बायबलमधील अंधार केवळ अज्ञानाचा नाही. तो पराभवाचा, वियोगाचा, मृत्यूचाही आहे. हा अंधार काही समजल्याने नाहीसा होत नाही. म्हणून तिथल्या प्रकाशाला वेगळे काम करावे लागते.

हे काम क्रियापदांच्या काळांतून स्पष्ट दिसते. यशयाच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसल्याचे वर्णन आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत हाच भाग वाचतात. हे लोक म्हणजे अश्शूरच्या स्वाऱ्यांत भरडलेले गालील प्रांतातील रहिवासी. त्यांची सुटका अजून व्हायची आहे. तरी मूळ हिब्रूत ती झाल्यासारखी सांगितली आहे. भविष्याला भूतकाळाचे क्रियापद देणे हे आशेचे पहिले व्याकरण.

दुसरे व्याकरण योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी आहे. तिथे प्रकाशाला वर्तमानकाळ आहे, अंधाराच्या अपयशाला भूतकाळ. प्रकाश अंधारात तेवतो आहे. अंधार मात्र अजून आहेच. त्याला प्रकाशावर मात करता आली नाही, एवढेच विधान आहे. इथल्या ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ होतात : समजून घेणे आणि ताब्यात घेणे. अनुवादकांना बहुधा दोहोंपैकी एकच निवडावा लागतो. आपल्याकडे मात्र जुना ‘आकळणे’ हा शब्द आहे आणि त्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. अंधाराला तो प्रकाश आकळला नाही, असे म्हटले की समजलाही नाही आणि आवरलाही नाही, दोन्ही आले.

ग्रंथातील हा विचार उपासनेत डोळ्यांना दिसतो. पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्री चर्चमधील दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवून त्यावर मोठी पास्काची मेणबत्ती लावतात आणि ती अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात. तिच्यावरून लोकांच्या हातांतील मेणबत्त्या एकेक पेटत जातात. कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळी उरकला जात असे. भर उजेडात ज्योत मिरवली जाई. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी तो रात्री करण्याची प्रायोगिक मुभा दिली आणि १९५५ च्या आदेशाने तो सर्वत्र रात्रीचा झाला. या दुरुस्तीत प्रतीकशास्त्राचा मोठा धडा आहे : अंधार काढून घेतला की प्रकाशाचे प्रतीक पोकळ होते.

त्या मेणबत्तीकडे जवळून पाहावे. तिच्यावर क्रूस आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात, आणि धुपाचे पाच खडे रोवतात. ते येशूच्या पाच जखमांचे. म्हणजे ही ज्योत जखमा झाकत नाही, त्या अंगावर घेऊनच जळते. बाप्तिस्म्याच्या वेळी हीच मेणबत्ती पेटलेली असते, आणि अंत्यविधीत ती शवपेटीजवळ ठेवण्याची प्रथा आहे. शवपेटीशेजारची ज्योत कुणाला परत आणत नाही. मृत्यूला शेवटचा शब्द मिळू नये, एवढ्यासाठी ती तिथे असते.

पुढे त्या मुलीला मी हे सगळे सांगितले. तिचे समाधान झाले असा दावा करणार नाही. थोडा वेळ गप्प राहून ती म्हणाली, “म्हणजे खुर्ची रिकामी दिसते, तीही उजेडामुळेच.” माझ्या शोधात एवढे स्वच्छ वाक्य मला सापडले नव्हते.

तेव्हापासून वर्गात मी एक प्रश्न जास्तीचा विचारते. ‘प्रकाश कशाचे प्रतीक?’ याचे उत्तर पाठ करता येते. ‘तो कोणत्या अंधारात लावला आहे?’ याचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी कविता पुन्हा वाचूनच द्यावे लागते.