मुंबईचे जलद रस्ते

मुंबईचा नकाशा समोर घ्या. दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली ही जमिनीची पट्टी आहे. म्हणून येथील मोठे रस्ते उत्तर-दक्षिण धावतात. शीवहून ठाण्याकडे जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग आणि वांद्र्याहून दहिसरकडे जाणारा पश्चिम द्रुतगती महामार्ग तुम्हांला त्यात सहज सापडतील.

पण जुन्या शहरात रुंद रस्त्यासाठी जागा कोठून आणणार? मग रस्ताच वर उचलला. २००२ साली जे. जे. रुग्णालयाजवळून क्रॉफर्ड मार्केटच्या दिशेने सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल झाला. महंमद अली रोडवर दुकाने, हातगाड्या व गर्दी खाली तशीच राहिली. मोटारी मात्र घरांच्या खिडक्यांसमोरून धावू लागल्या. त्या घरांत अभ्यासाला बसणाऱ्या मुलांचा विचार कोणी केला असेल का?

पुढे २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. २०१३ साली चेंबूरकडे जाणारा पूर्व मुक्त मार्ग खुला झाला. त्याला इंग्रजीत ‘फ्रीवे’ म्हणतात. येथे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, तर चौक व सिग्नल यांपासून मोकळा. २०२४ साली शिवडीहून खाडीपार जाणारा, सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू सुरू झाला.

या दोन्ही सेतूंवर मोटारसायकल व रिक्षा यांना मनाई आहे. जे. जे. पुलावरही २०१० पासून दुचाकींना बंदी आहे. मुंबईतले बहुतेक लोक तर लोकलने, बसने किंवा पायी जातात. कधी महंमद अली रोडला गेलात, तर थोडा वेळ पुलाखाली थांबा. वरून कोण जाते आणि खालून कोण, हे वहीत लिहून आणा.