आपट्याचं पान लोकरीत : कार्यानुभवाचा एक पाठ



कार्यानुभवाच्या तासाला विणकाम म्हटलं की बहुतेक ठिकाणी मुलींच्या हातात सुया येतात आणि मुलगे मैदानावर जातात. प्रदर्शनातला मफलर आईने नाहीतर मावशीने विणलेला असतो. (ओळखू येतो हो!) म्हणून सहावी-सातवीच्या सगळ्या मुलामुलींसाठी हा पाठ सुचवते. यात नमुना विकतचा नाही, मुलांनी स्वतः पाहून काढायचा. वस्तू म्हणजे दोन रंगांचा गोल गळपट्टा, डोक्यातून घालायचा. बालाघाटावरच्या आपल्या अंबाजोगाईत डिसेंबरच्या सकाळी तो उपयोगी पडतोच.

विषय शरद ऋतूचा. इंटरनेटवर शोधलं तर मेपलची लाल पानं दिसतात. ती आपल्या मुलांनी कधी हातात घेतलेली नसतात. आपली पानगळ शिशिरातली. आश्विनात इथे डोंगरावरचं गवत पिवळं पडायला लागतं, सीताफळं पिकतात आणि दसऱ्याला आपटा येतो. तेव्हा आपट्याचंच पान घ्या, झाड न ओरबाडता. बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाची पानं विकतात. दोन्ही शेजारी ठेवून पाहायला सांगा : आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. ही रुंदी पुढे कामाला येणार आहे.

आता आलेख कागद. एक चौकोन म्हणजे एक टाका. पान 9 चौकोन रुंद काढा, शेजारी 3 चौकोन मोकळे, म्हणजे 12 टाक्यांचा एक नमुना. पण विणलेला टाका चौकोनी नसतो, तो उंचीला कमी असतो. 10 सेंमीत 20 टाके आणि 28 ओळी बसत असतील, तर 9 टाके साडेचार सेंमी होतात आणि 9 ओळी जेमतेम सव्वातीन. कागदावरचं चित्र लोकरीत बसकं होतं. आपट्याला ते शोभतं. सागाचं पान मात्र कागदावर मुद्दाम लांबट काढावं लागेल. हे आधी सांगू नका, मुलांना मोजून शोधू द्या.

या प्रकारात एका ओळीत दोनच रंग असतात. स्कॉटलंडजवळच्या फेअर आयल या छोट्या बेटाचं विणकाम असंच, आणि त्यावरूनच ते जगभर ओळखलं जातं. जो रंग विणायचा नाही तो धागा मागून सैलसर न्यायचा. तो पाचापेक्षा जास्त टाके मोकळा राहिला तर बोटं अडकतात, ओढला तर कापड आखडतं. मग 9 टाक्यांच्या पानामागून पार्श्वभूमीचा धागा न्यायचा कसा? उत्तर पानातच आहे. मधली शीर पार्श्वभूमीच्या रंगात विणा : 4 टाके पान, 1 शीर, 4 पान, 3 मोकळे. देठाजवळ पान अरुंद होतं (2, 1, 2), तिथे 7 टाके मोकळे राहतात. त्यांच्या मधोमध पानाच्या रंगाचा एक ठिपका द्या. मला या पाठातली हीच जागा सगळ्यात आवडते.

रंग निवडताना दोन गुंड्या शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर नमुना उठणार नाही. गडद हिरवा आणि वाळल्या गवताचा पिवळा ही जोडी छान. दुकानातली स्वस्त लोकर बहुतेक ॲक्रिलिक असते, शिकायला चालते.

आता हिशोब. आधी दोन्ही रंगांत छोटा तुकडा विणून मोजायचं, कारण दोन धाग्यांचं कापड घट्ट होतं. 60 सेंमी घेरासाठी 120 टाके, म्हणजे 10 पानं. पण एखाद्याचे 10 सेंमीत 19 टाके आले तर? 114 ला 12 ने भाग जात नाही. 108 घ्यायचे की 120? असं कापड कमी ताणतं आणि ते डोक्यातून जायला हवं, म्हणून 120. विभाज्यता इतकी गरजेची क्वचितच वाटते!

सुई 8 नंबरची, म्हणजे 4 मिमी. गोल सुई, 40 सेंमीची. घेरापेक्षा सुई लांब असली तर टाके ताणले जातात. गोलात विणताना सुलट बाजू कायम समोर राहते, त्यामुळे सगळे टाके सुलटच. फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या काही ओळी एक सुलट, एक उलट अशा विणा, म्हणजे कडा वळत नाहीत.

गुण देताना गळपट्टा उलटा करून बघा. मागचे धागे सैल, सपाट असतील तर काम मुलाला समजलं आहे, पुढून एखादं पान वाकडं असलं तरी. आलेख कागदही सोबत मागा, खाडाखोडीसकट.

कापडावर विचारपूर्वक काही मांडणं हे आपल्या गावाला नवीन नाही. दासोपंतांनी पंचीकरण लिहिलं ते पासोडीवर, थंडीत पांघरायच्या जाड कापडावर. तीही मुलांना दाखवून आणता येईल.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. 20 सेंमी उंचीला 56 ओळी, म्हणजे 6720 टाके. नवशिक्याचे मिनिटाला 10 टाके धरले तर 672 मिनिटं. 35 मिनिटांचा आठवड्याला एक तास असेल तर वीस आठवडे. दसऱ्याला सुरुवात केली तर गळपट्टा उन्हाळ्यात तयार होईल. तेव्हा जूनमध्ये शाळा उघडताच सुया हातात द्या. आपट्याला तेव्हा नवी पानं आलेलीच असतात.