डोंगर ओळखीचा झाला की

नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी मी निसर्गाचे फोटो काढतो. त्यावर पोट नाही आणि स्पर्धेची ओढही नाही. माझे बहुतेक फोटो सह्याद्रीतल्या थोड्याच जागांचे आहेत, आणि या छंदातला आनंद नेमका तिथेच आहे असं माझं ठाम मत झालं आहे. नवनवी ठिकाणं पालथी घालण्यापेक्षा एखादा डोंगर ओळखीचा होण्यात जास्त सुख आहे. त्या ओळखीतून हाती लागलेल्या या गोष्टी.

१. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जावं.

हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर. त्याचा कोकणकडा आषाढात धुक्यात गडप असतो. पाऊस सरला की हवा धुतल्यासारखी स्वच्छ होते आणि खाली कोकणातली गावं, ओढे, भातखाचरं दिसू लागतात. उन्हाळ्यात हवेत धूळ असते, म्हणून बरेच जण तेव्हा कॅमेरा काढतच नाहीत. पण त्याच धुरकट हवेत डोंगरांच्या रांगा एकामागे एक, प्रत्येक मागची रांग पुढचीपेक्षा फिकी, अशा सुट्या होतात. लांबची लेन्स लावून त्या रांगा टिपणं हे माझं उन्हाळ्यातलं आवडतं काम. वाईट ऋतू असा नसतोच. कुठला ऋतू काय दाखवतो, हे कळायला मात्र सगळ्या ऋतूंत जावं लागतं.

२. आधी दिशा पाहावी, मग कॅमेरा काढावा.

कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो. दुपार कलली की ऊन कातळावर येतं आणि लाव्ह्याचे आडवे थर उठून दिसतात. सूर्य क्षितिजाजवळ आला की किरणांना हवेच्या जाड थरातून यावं लागतं. त्या वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो, तांबूस तेवढा उरतो आणि काळा कातळ काही मिनिटं तांबडा होतो.

सकाळची वेळ मात्र इंद्रवज्राची. पाठीमागे कोवळा सूर्य आणि समोर दरीत धुकं असलं, तर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती रंगांचं पूर्ण वर्तुळ उमटतं. एकोणिसाव्या शतकात कर्नल साईक्स यांनी त्याची नोंद करून ठेवली आहे. ते दिसलं की मी आधी डोळे भरून पाहतो, फोटो नंतर.

३. ढगाळ उजेडावर प्रेम करावं.

पावसाळ्यात सूर्य दिसत नाही म्हणून खट्टू होऊ नये. ढगांतून झिरपलेला उजेड सगळीकडून सारखा येतो, गडद सावल्या पडत नाहीत आणि हिरव्याच्या किती छटा आहेत ते कळतं. फुलांसाठी तर याहून चांगला उजेड नाही. अशा वेळी माझ्या लेन्सवर पोलरायझर असतोच. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरी चकाकी तो कापतो आणि खालचा खरा रंग वर येतो. बदल्यात थोडा प्रकाशही खातो, त्यामुळे ट्रायपॉड हवाच.

४. शटरचा वेग म्हणजे पाण्याविषयी आपल्याला काय म्हणायचं आहे ते.

रानातल्या संथ धबधब्याला मी अर्धा सेकंद देतो. पाण्याच्या रेषा मऊ होतात आणि खडकाचा ठामपणा जाणवतो. जुन्नरजवळच्या नाणेघाटात मात्र उलट करतो. तिथे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि खाली पडणारं पाणी पुन्हा माथ्यावर फेकतो. तिथे शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवलं की वर उडणारा थेंब अन् थेंब दिसतो. त्या जागेची गोष्ट वाऱ्याची आहे, ती थेंबांतूनच कळते.

५. फोटोसाठी एक पानही चिरडू नये.

कासचं पठार म्हणजे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. तिथली सीतेची आसवे ही बोटभर उंचीची वनस्पती मातीत नत्र कमी म्हणून जमिनीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून जगते. हे समजल्यावर तिच्या निळ्या-जांभळ्या ताटव्यात आडवं पडून फोटो काढावासा वाटत नाही. वाटेच्या कडेला बसून, लांबच्या लेन्सनं जे मिळेल ते पुरेसं आहे.

काजव्यांचंही तसंच. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात झाडंच्या झाडं लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीनं एकमेकांना दिलेली हाक असते. आपल्या बॅटरीच्या झोतात ती हाक हरवते. म्हणून उजेड असतानाच ट्रायपॉड लावावा, फोकस जुळवावा आणि मग अंधार अंधारासारखा राहू द्यावा.

६. वही ठेवावी.

कॅमेरा तारीख आणि वेळ नोंदवतो. वारा कुठला होता, कुठलं झाड पालवत होतं, ओढा कधी आटला, हे आपणच लिहायचं असतं. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि सगळ्या डोंगरांवरची एकाच वर्षी नाही. कुठल्या सोंडेवर ती कधी फुलली, याची नोंद असेल तर पुढच्या बहराची वाट पाहता येते. ही वाट पाहणंसुद्धा छंदाचाच भाग आहे, आणि फार गोड भाग आहे.

७. सामान कोरडं ठेवावं.

सह्याद्रीच्या पावसात लेन्सला बुरशी लवकर धरते. घरी आल्यावर बॅगेतून सगळं बाहेर काढून पुसावं आणि सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावं.

८. फोटो छापावा आणि त्या गावात न्यावा.

स्क्रीनवरचे फोटो सरकून जातात, छापलेला फोटो माणसं हातात धरतात. गडाच्या पायथ्याच्या वाडीत मी दर वेळी छापील फोटो घेऊन जातो. तिथले एक आजोबा फोटोतल्या प्रत्येक सुळक्यावर, घळीवर बोट ठेवून नाव सांगतात. पाणी कुठे टिकतं, गुरं कुठल्या वाटेनं उतरतात, कुठल्या कपारीत मध लागतो, हे सांगतात. मी ज्याला नुसता देखावा म्हणत होतो, तिथे त्यांचा रोजचा संसार आहे. त्यांनी दाखवल्यापासून माझ्या चौकटीत वाटा, बांध आणि पाणवठे येऊ लागले, आणि फोटो जास्त खरे झाले.

नव्यानं कॅमेरा घेणाऱ्यांना मी एवढंच सांगतो : घरापासून जवळची एक टेकडी निवडा आणि वर्षभर तिच्याकडेच जा. पहिल्या पावसात जा, गवत सोनेरी झाल्यावर जा, वणव्यानंतरच्या काळ्या उतारावरही जा. महागडी लेन्स पुढे घेता येईल. टेकडी पाहायला लागणारा वेळ मात्र आजपासूनच द्यायला हवा.