कठीण कीं चिवट?

लोहाराच्या भात्यापाशीं जो थोडा वेळ उभा राहील, त्याला शीलाविषयींचा एक चांगला धडा तेथें फुकट मिळेल. नवी कुऱ्हाड घडवितांना लोहार तिचें पोलादी पातें लाल होईपर्यंत तापवितो आणि एकदम पाण्यांत बुडवितो. यालाच हत्याराला पाणी देणें म्हणतात. त्या योगें पोलाद इतकें कठीण होतें कीं, त्यावर कानस चालत नाहीं, नुसती घसरते. मग कुऱ्हाड तयार झाली काय? नाहीं. ती तशीच लांकडावर घातली, तर पहिल्या गांठीवरच धारेचा टवका उडेल.

म्हणून जाणता लोहार पातें घासून उजळ करितो, पुन्हां मंद आंचेवर धरितो, आणि रंगावर नजर ठेवितो. सुमारें २२० अंश उष्णतेस पोलादावर पिवळसर रंग चढतो. मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. वस्तऱ्याला पिवळा रंग पुरतो. घाव घालणाऱ्या हत्याराला जांभळ्यापर्यंत न्यावें लागतें. कमानीला निळा लागतो. ह्या दुसऱ्या आंचेनें कठीणपणा थोडा उतरतो, पण पोलादाच्या अंगीं चिवटपणा येतो. मात्र आंच फार झाली, तर धार मऊ पडून हत्यार निकामी होतें.

यावरून दिसेल कीं, कठीणपणा आणि चिवटपणा हे दोन निराळे गुण आहेत. ज्यावर सहज ओरखडा पडत नाहीं तें कठीण. जें घाव बसला असतां थोडें वांकतें, थोडें ताणतें, पण तुटत नाहीं तें चिवट. कांच मऊ लोखंडापेक्षां कठीण आहे, तरी हातांतून निसटली कीं तिचे तुकडे होतात. बिडाचेंहि तसेंच. बीड मोठा भार सोसतें, पण घणाचा ठोका बसतांच तडकतें. बिडाच्या शंभर भागांत सुमारें दोन ते चार भाग कार्बन असतो, आणि साधारण बिडांत त्यांतील पुष्कळसा भाग शिसपेन्सिलींतल्या काळ्या द्रव्यासारख्या पातळ पापुद्र्यांच्या रूपानें पसरलेला असतो. बाहेरून अंग भरीव दिसतें, परंतु आंत हे पापुद्रे फटीसारखे असतात, आणि तडा त्यांच्याच वाटेनें धांवतो.

आतां अंबाडीचा दोर पाहा. त्याचा एकेक धागा मूलहि तोडील. पण पीळ घातल्यावर ते एकमेकांस घट्ट धरून ठेवितात. एक धागा तुटला तर त्याचा भार शेजारचे उचलतात, आणि तेवढ्यानें मोटेचा दोर तुटत नाहीं.

मनुष्याच्या शीलांतहि हाच भेद आहे. हट्टी मनुष्य कठीण असतो. त्याचा शब्द कोणी खालीं पडूं दिला कीं तो मोडतो, किंवा समोरच्याला मोडतो. चिवट मनुष्य वाट बदलील, वेळ बदलील, अपमान गिळील, पण हातीं घेतलेलें काम सोडणार नाहीं.

पंडिता रमाबाईंचें चरित्र या दृष्टीनें वाचण्याजोगें आहे. १८५८ सालीं जन्मलेल्या ह्या बाईंचे आईबाप दुष्काळाच्या हालांत गेले. १८८० सालीं भाऊ आणि १८८२ सालीं पति वारले. तेव्हां त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीहि झाली नव्हती. इतक्या आंचेंतून गेलेलें मन दगडासारखें झालें असतें तर नवल नव्हतें. पण त्यांनीं दुसऱ्यांच्या निराधार मुलींसाठीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें, व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं तेथें वादळ उठलें. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें असा आरोप आला, सल्लागार मंडळींनीं संबंध सोडला, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाई उरलेल्या मुलींना शिकवीत राहिल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों मुली व बायका आणल्या. आणि प्लेगाच्या दिवसांत त्यांना पुण्यांत ठेवणें अशक्य झालें, तेव्हां केडगांवच्या शेतांत नेऊन त्यांची सोय केली. जागा बदलली, साथ देणारीं माणसें बदललीं. अनाथ स्त्रीला आसरा व विद्या देण्याचें काम सुटलें नाहीं.

उतारवयांत ऐकूं कमी येत असतांहि त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर चालविलें. १९२१ सालीं मनोरमाबाई वारल्या. आईनें लेखणी खालीं ठेविली नाहीं. तें भाषांतर पुरें झालें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला.

वाचकहो, हा धडा थोरांपुरताच नाहीं. एखाद्या गांवीं रात्रीच्या वर्गाला वीस मुलें येत होतीं; पेरणी लागली आणि दोनच उरलीं. कठीण शिक्षक गैरहजर मुलांचा राग त्या दोघांवर काढितो व वर्ग मोडतो. फार मऊ शिक्षक वर्गाची गोष्टच सोडून देतो. चिवट शिक्षक वेळ बदलितो, प्रसंगीं बांधावर जाऊन बसतो, आणि दोघांना शिकवीत राहतो. पेरणी आटोपून बाकीचे परत येतील, तेव्हां त्यांना वर्ग चालू असलेला दिसेल. आणि ज्या दिवशीं त्या शिक्षकाचेंच मन खचेल, त्या दिवशीं दोरांतल्या शेजारच्या धाग्याप्रमाणें मंडळीनें त्याचा भार उचलला पाहिजे.

विचारासाठीं प्रश्न

१. पाणी दिलेल्या कुऱ्हाडीला लोहार पुन्हां मंद आंच कां देतो? ती आंच फार झाली तर काय होतें?

२. हट्ट आणि चिवटपणा यांतील भेद आपल्या गांवच्या एखाद्या उदाहरणानें सांगा.

३. रमाबाईंनीं काय काय बदललें, आणि काय बदललें नाहीं?

४. आपल्या मंडळींत सध्यां कोणता धागा तुटण्याच्या बेतांत आहे? त्याचा भार कोण उचलील?