पाठ : जमिनीखालची काचेची तार

सख्यांनो, महिन्याच्या सुरुवातीला बँक सखीकडे गर्दी असते. निराधार योजनेचे पैसे काढायला म्हाताऱ्या मावशी सकाळपासून बसून असतात. अंगठा लागतो, पण पैसे निघत नाहीत. “नेट गेलंय, उद्या या.” झालं! कुणाची मजुरी बुडते, कुणाचा गटाचा हप्ता चुकतो. मग हे नेट येतं कुठून, आणि जातं कशामुळे, हे आपल्याला कळायला नको का?

तारेत असतं काय?

देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडायचं काम २०११ मध्ये मंजूर झालं. आज त्याला आपण भारतनेट म्हणतो. या केबलमध्ये केसासारखे बारीक काचेचे धागे असतात. त्यातून वीज नाही, प्रकाश धावतो. धाग्याचा गाभा आणि त्याभोवतीचं वेष्टण ही दोन वेगळ्या प्रकारची काच. त्यामुळे प्रकाश बाहेर न सांडता आतल्या आत पुढे जातो, जसं पाटाचं पाणी बांधामुळे शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं.

खिडकीच्या काचेची कड बघा, हिरवट दिसते. तेवढ्या काचेतूनही उजेड धड जात नाही. फायबरची काच मात्र इतकी शुद्ध, की १५ किलोमीटर गेल्यावरही जवळपास निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. म्हणून तालुक्यापासून गावापर्यंत मध्ये कुठे यंत्र लावावं लागत नाही. शहराशहरांतल्या लांब मार्गावर मात्र साधारण ८० ते १०० किलोमीटरवर प्रकाशाचा जोर वाढवणारं यंत्र बसवतात. मोबाईलचे अनेक टॉवरही पुढे याच फायबरला जोडलेले असतात. म्हणजे केबल तुटली की कधी कधी मोबाईलही मुका होतो.

नेट जातं कशामुळे?

पहिलं कारण, खोदकाम. साध्या मातीत केबल दीड मीटरपेक्षा खोल पुरायची असते, पण रस्ता रुंद करताना, नळाची पाइपलाइन टाकताना जेसीबीचा दात लागतो आणि धागा तुटतो. तुटलेली जागा शोधायला तंत्रज्ञ एका टोकाने प्रकाश सोडतात. तो परत यायला किती वेळ लागला, त्यावरून किती अंतरावर तुटलंय ते कळतं. मग यंत्राने काच वितळवून धागे जोडतात. दुसरं कारण, वीज. केबल धडधाकट असली, तरी पंचायतीतलं यंत्र विजेवरच चालतं. बॅटरी मेली असेल, तर लाइट गेली की नेटही गेलं.

आपण काय करायचं?

१. नेट गेलं की आधी पंचायतीतल्या यंत्राचे दिवे बघा. एकही दिवा नसेल, तर अडचण विजेची. ‘एलओएस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर प्रकाश पोचत नाहीये. तक्रारीत हेच सांगा, म्हणजे माणूस योग्य सामान घेऊन येईल.

२. तक्रारीची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहा. वही ग्रामसंघाकडे ठेवा.

३. गावात खोदकाम ठरलं, की ग्रामसभेत विचारा, “केबल कुठून गेलीय, कंपनीला कळवलंय का?” खोदण्याआधी कळवण्यासाठी २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आहे.

४. उघड्या केबलला हात लावू नका, पोरांनाही लावू देऊ नका. काचेचा तुकडा बोटात घुसतो. टोकाशी डोळा नेऊ नका, आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि तांबं समजून कापणाऱ्यांना सांगा, त्या धाग्यात तांबं नाही, नुसती काच आहे. विकून काही मिळणार नाही, गाव मात्र अंधारात जाईल.

बैठकीत चर्चेसाठी : आपल्या पंचायतीतलं यंत्र चालू आहे का? बॅटरी किती वेळ टिकते? गेल्या महिन्यात बँक सखीचं काम किती दिवस बंद होतं? उत्तरं वहीत लिहा आणि येत्या ग्रामसभेत मांडा. हप्ता वेळेवर भरायचा, तर तारेकडेही लक्ष ठेवायला हवं, बायांनो!