कापूर, पऱ्हाटी आणि कार्बनच्या नळ्या

आपल्या सिंदीस पऱ्हाटी चुलींत जळते, कापूर आरतीच्या तबकांत. दोहोंतील कार्बन धूर, काजळी व वायु होऊन जातो. हाच कापूर प्राणवायूवांचून तापविला तर? जपानांत नागोया येथें मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनीं २००३ सालीं ह्याचें उत्तर प्रसिद्ध केलें. लोहयुक्त फेरोसीन मिसळलेल्या कापराची वाफ त्यांनीं आर्गॉन वायूसह सुमारें ९०० अंश तापलेल्या नळींतून नेली. लोखंडाच्या सूक्ष्म कणांत कार्बन मुरतो, आणि अधिक मावेनासा झाला कीं केसाहून सहस्रपट बारीक पोकळ नळी होऊन बाहेर वाढूं लागतो. लोखंड स्वतः खर्ची पडत नाहीं, ह्याचेंच आम्हांस विशेष नवल वाटतें. पऱ्हाटीचें मात्र इतकें सुलभ नाहीं. कापराची सर्वच वाफ होते. काडीची राख व कोळसा मागें उरतो. म्हणून आधीं तिचा वायु किंवा तेल काढावें लागतें.